फराळ हँडबॅगेत नेताना

लाडू-चिक्कीचा डबा हँडबॅगेत असला की विमानतळावर एक्स-रेनंतर बॅग बऱ्याचदा बाजूला काढतात. मशीनवर सेंद्रिय वस्तू, म्हणजे खाणंही आणि बरीचशी स्फोटकंही, नारिंगी दिसतात. त्यात बेसनाचा गच्च गोळा आणि वर चार्जरच्या वायरींचं भेंडोळं, मग उघडून बघणारच!

१. डबा सगळ्यात वर ठेवा आणि मागायच्या आधीच ट्रेमध्ये काढा.
२. वायरी, पॉवर बँक वेगळ्या पाऊचमध्ये.
३. निघताना कुंड्यांना खत घातलं असेल तर हात आणि बॅगेची मूठ साबणाने पुसून घ्या. स्वॅबच्या तपासणीत (हातावर, बॅगेवर पट्टी फिरवून स्फोटकांचे अंश शोधतात) खतातले नायट्रेटचे कण मशीन वाजवू शकतात. ग्लिसरीननेही तसंच होऊ शकतं, म्हणून ग्लिसरीनवालं क्रीम तपासणीनंतरच लावा.

श्रीखंड, ओली चटणी मात्र चेक-इन बॅगेत टाका. आंतरराष्ट्रीय प्रवासात बहुतेक ठिकाणी ती द्रवात धरतात, १०० मिलीच्या वर गेली की काढून घेतात.