ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये रॉकरचे स्टड बसवताय? या चुका टाळा

पाऊस उघडला की नाशिकजवळच्या सातपूरच्या आमच्या शेडमध्ये ठरलेलं गिऱ्हाईक येतं. सापुताऱ्याला किंवा भंडारदऱ्याला जायचं ठरलेलं असतं, गाडी जुनी बुलेट असते, आणि निघायच्या दोन दिवस आधी 'वरून टकटक येतेय' म्हणून कुणीतरी रॉकरचं, म्हणजे व्हॉल्व्ह दाबणाऱ्या दांडीचं, झाकण उघडलेलं असतं. संध्याकाळी हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, भाजीच्या पिशवीतून माझ्या टेबलावर. "काका, स्टड नुसता फिरतोय."

फिरणारच. स्टड म्हणजे हेडमध्ये रोवलेली आट्यांची दांडी, तिच्यावर नट बसतो. जुन्या बुलेटचं बॅरल (सिलेंडर) बिडाचं असलं तरी हेड ॲल्युमिनियमचं आहे. बिडाच्या हेडवर शिकलेला हात ॲल्युमिनियमला चालत नाही, आणि यूट्यूबवर शिकलेला तर कशालाच चालत नाही.

सगळ्यात जास्त वेळा दिसणारी, आणि मला सगळ्यात जास्त चीड आणणारी चूक म्हणजे आट्याची जात न बघता नवा स्टड घालणं. पंचवटीतला एक पोरगा होता, इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाचा, गाडी वडिलांची. रॉकर ब्लॉकचा, म्हणजे रॉकर धरून ठेवणाऱ्या ठोकळ्याचा, एक स्टड वाकला होता. याने जुना स्टड खिशात न घालता, नुसती जाडी डोळ्यांनी बघून दुकानातून एम ८ चा स्टड आणला. हाताने तीन फेऱ्या मस्त गेला. मग अडकला. "नवा आहे म्हणून जरा टाइट जातोय," असं समजून त्याने वर दोन नट एकमेकांवर आवळले आणि पाना लावला. गेला की शेवटपर्यंत! पोरगा खूश. झाकण लावलं, गाडी त्र्यंबक रोडवर काढली, आणि घरी येईपर्यंत तो नट स्टडसकट वर आला.

हिशोब साधा आहे. जुन्या इंजिनांत ब्रिटिश आटे सापडतात. ५/१६ इंच म्हणजे ७.९४ मिमी, आणि एम ८ म्हणजे ८ मिमी. जाडीत फरक डोळ्यांना दिसणार नाही इतकाच. पण ५/१६ व्हिटवर्थला (ही ब्रिटिश आट्यांची जात) इंचात १८ आटे, म्हणजे पिच, दोन आट्यांमधलं अंतर, १.४१ मिमी, आणि साध्या एम ८ चा पिच १.२५. दर फेरीला ०.१६ मिमीची चुकामूक. तीन फेऱ्यांत जवळजवळ अर्धा मिलिमीटर. शिवाय व्हिटवर्थच्या आट्याचा कोन ५५ अंश, मेट्रिकचा ६०. बिडात असा स्टड अडून बसला असता, माणसाला शहाणं करून गेला असता. ॲल्युमिनियम मऊ, ते विरोधच करत नाही. स्टील आपला रस्ता स्वतः कापत जातं. तो स्टड मी हातात घेतला तेव्हा त्याच्या आट्यांत चांदीच्या तारेसारखा बारीक पीळ गुंडाळलेला होता. तेच त्या हेडचे आटे.

म्हणून माझ्याकडे पिच गेज नेहमी वरच्या खणात असतो. नवा स्टड आणायला जाताना जुना सोबत न्या, शेजारचा एक चांगला स्टड काढून त्याला गेज लावा. आणि नवा स्टड भोकात बोटांनी तळापर्यंत गेला पाहिजे. बोटांनी नाही गेला तर पाना हे उत्तर नाही. आधी उलटा फिरवून आटा 'टक' करून बसल्याचं हाताला कळू द्या, मग सुलटा फिरवा. एवढा धीर नसेल तर काम लेथवाल्याकडे द्या.

त्या पोराच्या हेडला हेलिकॉइल टाकली, म्हणजे गेलेल्या आट्यांच्या जागी बसणारी तारेची गुंडाळी. एम ८ च्या हेलिकॉइलला ८.३ मिमीचा ड्रिल लागतो आणि तिचा वेगळा टॅप (आटे पाडायचं हत्यार) लागतो, साधा एम ८ चा टॅप नाही. ड्रिल हातात धरून मारू नका. हेड पिलर ड्रिलखाली सरळ बांधा, नाहीतर स्टड तिरका उभा राहील आणि ब्लॉक बसणारच नाही. कॉइल वरच्या पातळीपेक्षा अर्धा-एक आटा खाली ठेवायची, आणि खालची शेपटी मोडून बाहेर काढायची. बाहेर, इंजिनात नाही.

दुसरी चूक माझी स्वतःची, म्हणून नीट सांगतो. मी अंबडला एका उस्तादांच्या हाताखाली होतो. हेड पेट्रोलने धुतलं, आटे छान गुळगुळीत जावेत म्हणून भोकात ऑइल सोडलं आणि स्टड आवळला. भोक खालून बंद. ऑइलला जायला जागा नाही, आणि ऑइल दाबलं जात नाही. शेवटच्या अर्ध्या फेरीला 'टिच्' असा आवाज आला, नख मोडल्यासारखा. मी गप्प बसलो. उस्तादांनी आवाज ऐकला होता. त्यांनी तिथे रॉकेल लावलं, पुसलं, वर खडूची भुकटी चोळली आणि चहा प्यायला गेले. परत आले तोवर पांढऱ्या भुकटीवर केसाएवढी ओली रेघ उमटली होती, म्हणजे तडा. ते काही बोलले नाहीत, हेडचे पैसे मात्र माझ्या पगारातून गेले.

तेव्हापासून माझी सवय अशी: भोकात आधी कंप्रेसरची हवा, मग काडीला कापड गुंडाळून तळापर्यंत कोरडं, मग परत हवा. डोळ्यांवर चष्मा, कारण ते ऑइल सरळ तोंडावर येतं. वंगण लावायचंच तर स्टडच्या आट्यांना बोटाने पुसटसं.

आणि स्टड आवळायचा नसतो. तो बसवायचा असतो. तळाला टेकला की पाव फेरी मागे घ्या. ताण द्यायचं काम वरच्या नटाचं. त्यातही ॲल्युमिनियम तापल्यावर स्टीलच्या जवळजवळ दुप्पट पसरतं, त्यामुळे गार इंजिनात दिलेला ताण गरम झाल्यावर आणखी वाढतो. गार असताना 'अजून थोडं, अजून थोडं' करणाऱ्याचे आटे महामार्गावर सुटतात. टॉर्क पाना (किती जोर लागला ते दाखवणारा) नसेल तर निदान लांब दांड्याचा पाना बाजूला ठेवून द्या, वापरू नका. आणि आटे किती खोल पकडतात तेही बघा: स्टीलमध्ये जाडीइतकी पकड पुरते, ॲल्युमिनियममध्ये दीडपट ते दुप्पट हवी. एम ८ ला १२ ते १६ मिमी. आखूड स्टड स्वस्तात मिळतो म्हणून घेऊ नका.

बाकीचं थोडक्यात. गेलेल्या आट्यांत ॲरल्डाइट भरणाऱ्यांशी मी बोलत नाही. टेफ्लॉन टेप नळाला. जुने आटे साफ करायला कापणारा टॅप घालू नका, तो उरलेलं ॲल्युमिनियमही खातो. जुन्या स्टडला हॅक-सॉने उभी खाच पाडून तोच फिरवा, मळ खाचेत येतो. हेड इंजिनावर असताना काम करत असाल तर पुशरॉडच्या (खालून रॉकर ढकलणाऱ्या दांड्यांच्या) बोगद्यांत कापडाचे बोळे कोंबा आणि ते मोजून ठेवा. रॉकर ब्लॉकच्या वरच्या-खालच्या जोड्या अदलाबदल करू नका, काढतानाच ठिपके मारा.

ब्लॉकचे नट आवळताना पिस्टन कंप्रेशनच्या टोकाला, दोन्ही व्हॉल्व्ह बंद. व्हॉल्व्ह उघडा असेल तर स्प्रिंगचा सगळा जोर नव्या आट्यांवर येतो आणि तुम्हाला वाटतं नट छान घट्ट होतोय. नट एकेक करून नाही, आळीपाळीने, थोडे थोडे.

ब्लॉक हलला की टॅपेटही, म्हणजे व्हॉल्व्हच्या यंत्रणेतली मोकळीक, बदलतं, हे निम्मे लोक विसरतात. ॲल्युमिनियमच्या पुशरॉडवाल्या बुलेटला ते गार इंजिनावर लावायचं: पुशरॉड बोटांनी सहज फिरला पाहिजे, पण वर-खाली खेळ नको. दुसऱ्या दिवशी सकाळी, गाडी एकदा पूर्ण तापून गार झाल्यावर, परत एकदा बघा. सापुतारा त्यानंतर.