ओवळीखालच्या मैदानात पुन्हा ओवळ लावताना

दापोलीजवळच्या आमच्या आळीत चार गुंठ्यांचं मैदान आहे. एक घसरगुंडी, दोन झोपाळे, बाकी लाल माती. पोरं घरून निघताना ‘ओवळीखाली जातो’ एवढंच ओरडतात. ओवळ म्हणजे बकुळ. ती 3 जून 2020 ला निसर्ग वादळात आडवी झाली. त्याआधी पार बांधायला म्हणून तिची मुळं तोडून बुंध्यापर्यंत काँक्रीट ओतलं होतं. तेव्हाच मी बोललो होतो. असो. तुमच्याकडेही झाड गेलेलं आणि नाव राहिलेलं मैदान असेल, तर असं करा.

नारिंगी होऊन गळलेलं फळच घ्या. गर खाऊन टाका. पिठूळ, गोडसर लागतो, पण दोन-तीनच खा, तोंडाला मिठी बसते. आतली बी तपकिरी, चकचकीत, चिकूच्या बीची धाकटी बहीण, कूळही एकच. ती धुऊन दिवसभर भिजवा आणि लगेच पेरा. माझ्या डब्यात साठवलेल्या बिया फुकट गेल्या. माती, वाळू, शेणखत भरलेल्या पिशवीत पेरभर खोल पुरा आणि वाट पाहा. एखादी तीन आठवड्यांत वर येते, एखादी अडीच महिने घेते. नवव्या आठवड्यात मला राहवलं नाही, बोटाने उकरून पाहिलं, तर कोंब होता. मोडला.

रोप दोन फुटांचं झालं की मिरगाचा पाऊस स्थिरावल्यावर लावा. खड्डा दोन फूट लांब-रुंद, तेवढाच खोल. जागा घसरगुंडीच्या पश्चिमेला. मे महिन्यात तिसऱ्या प्रहरी पत्र्यावर चड्डीतली पोरं बसू शकत नाहीत. झोपाळ्याच्या झोक्यात मात्र नको. काहींना गुलमोहर हवा होता, लवकर वाढतो म्हणून. वाढतो, आणि वाऱ्यात फांद्याही टाकतो.

पार बांधू नका. आळं करा, पाला पसरा, पहिले दोन उन्हाळे पाणी घाला.

फुलांची घाई करू नका. येतील तेव्हा पहाटे मातीवरून वेचा. फूल मधे भोक घेऊनच गळतं, सुई लागत नाही. केळीच्या सोपाचा धागा भिजवून पोरांच्या हातात द्या.

आमचं रोप आता कमरेएवढं आहे. भोवतीच्या पिंजऱ्याचे पोरांनी स्टंप केलेत. मी ओरडत नाही. बॅटिंग करणाऱ्याने आधी तांब्याभर पाणी घालायचं असं ठरलंय.