द्राक्षाच्या हंगामात येणारे मेल आपोआप जागेवर कसे लावायचे

मी नाशिकमध्ये द्वारकेजवळच्या एका द्राक्ष निर्यातदाराच्या ऑफिसात डॉक्युमेंटेशन बघते. जानेवारी ते एप्रिल आमच्या एकाच मेलवर दिवसाला दीडशेच्या घरात मेल पडतात. प्रयोगशाळेचे रेसिड्यू रिपोर्ट (द्राक्षात औषधांचे अंश किती ते सांगणारे), फायटो (माल रोग-किडीपासून मुक्त असल्याचा सरकारी दाखला), सीएचएकडून (कस्टमचं काम बघणारा एजंट) शिपिंग बिल, लाइनकडून (जहाज कंपनी) बीएलचा (बिल ऑफ लेडिंग, जहाजावर चढवलेल्या मालाची पावती) ड्राफ्ट, युरोपातल्या खरेदीदाराचे प्रश्न आणि या सगळ्यात मिसळलेल्या जाहिराती. पिंपळगावच्या पॅकहाऊसमधून सकाळी सातला आप्पांचा फोन येतो, "ताई, त्या प्लॉटचा रिपोर्ट आला का? बाया येऊन थांबल्यात." रिपोर्टशिवाय आम्ही कात्री लावत नाही, आणि ऊन चढलं की घड तापतात. तो एक मेल शोधायला मला वीस मिनिटं लागायची. त्या वीस मिनिटांपायी मी हे सगळं शिकले. मी कॉमर्सची, प्रोग्रामिंगचा एकही वर्ग केलेला नाही. त्यामुळे खाली लिहिलंय ते कुणालाही जमेल, याची मला खात्री आहे.

सुरुवात कॉम्प्युटरवर करू नका. वही घ्या. आठवडाभर प्रत्येक मेलपुढे तीन गोष्टी लिहा: कुणाचा आला, मी त्याचं काय केलं, आणि ते करण्याआधी मला तो वाचावा लागला का. तिसरा रकाना सगळ्यात मोलाचा. माझ्या वहीत दिसलं की रिपोर्टची पीडीएफ उतरवून प्लॉटच्या नावाने ठेवणं, शिपिंग बिल त्या-त्या कंटेनरच्या फोल्डरमध्ये टाकणं, ही कामं मी न वाचताच करते. ती यंत्राला द्यायची. खरेदीदाराचा प्रश्न, बीएलचा ड्राफ्ट, बँकेचं पत्र यांच्यापुढे दर वेळी 'वाचलं' लिहिलेलं होतं. ती माझ्याकडेच राहणार.

आता जीमेलचे फिल्टर, म्हणजे येणाऱ्या मेलला आपोआप लागणारे नियम. हे कॉम्प्युटरवरूनच करावं लागतं, फोनच्या जीमेल ॲपमध्ये फिल्टर बनवायची सोय नाही. शोधपट्टीच्या उजव्या टोकाच्या खुणेवर क्लिक केलं की एक चौकट उघडते. त्यात पाठवणाऱ्याचा पत्ता, विषयातले शब्द, 'अटॅचमेंट आहे' असं भरून आधी नुसतं शोधून बघा. हवे तेच मेल आले आणि नको ते आले नाहीत, हे डोळ्यांनी पाहिल्यावरच 'क्रिएट फिल्टर' दाबा. ही पायरी गाळली तर पुढे फार त्रास होतो. मी एकदा विषयात फक्त 'रिपोर्ट' शब्द धरला होता, तर ऑडिटवाल्यांचे आणि बँकेचे मेलही प्रयोगशाळेच्या लेबलखाली जाऊन बसले. पाठवणाऱ्याचा पूर्ण पत्ता आणि अटॅचमेंट या दोन अटी एकत्र लावल्या की असं होत नाही.

पुढच्या चौकटीत बरेच पर्याय येतात. मी लेबल लावते आणि महत्त्वाच्यांना तारा देते. 'स्किप इनबॉक्स', म्हणजे मेल इनबॉक्समध्ये न दाखवता परस्पर बाजूला टाकणं, मात्र फक्त जाहिरातींसाठी. 'नेव्हर सेंड इट टू स्पॅम' हा पर्याय मी एकेका पत्त्याला देते, संपूर्ण डोमेनला कधीच नाही. प्रयोगशाळेचा रिपोर्ट स्पॅममध्ये पडला तर तीस दिवसांनी तो कायमचा पुसला जातो, म्हणून त्यांच्या पत्त्याला ही खूण हवीच. फिल्टर फक्त नव्याने येणाऱ्या मेलवर चालतो. जुने मेलही लावायचे असतील तर त्याच चौकटीतली शेवटची खूण करा.

आणखी एक सोय फार कामाची आहे. तुमच्या जीमेल पत्त्यात ॲट चिन्हाच्या आधी अधिकचं चिन्ह आणि एखादा शब्द लिहिला, तरी मेल तुमच्याकडेच येतो. आम्ही प्रयोगशाळांना 'अधिक लॅब' असा पत्ता दिला आणि सीएचएला 'अधिक सीएचए'. मग फिल्टर 'कुणाला पाठवला' यावर लागतो. प्रयोगशाळेत माणूस बदलला, मेल दुसऱ्याच पत्त्यावरून आला, तरी तो बरोबर जागेवर जातो. काही सरकारी आणि बँकांच्या फॉर्मना अधिकचं चिन्ह चालत नाही, तिथे साधा पत्ता द्या.

फिल्टर एवढंच करू शकतो. पीडीएफ उतरवणं, तिला नाव देणं, शीटमध्ये ओळ भरणं यासाठी गुगलची ॲप्स स्क्रिप्ट लागते, म्हणजे आपण लिहून दिलेल्या आज्ञा क्रमाने पाळणारी सोय. ड्राइव्हमध्ये एक शीट उघडा, एक्स्टेन्शन्सच्या मेनूत ॲप्स स्क्रिप्ट निवडा, एडिटर उघडतो. भाषा जावास्क्रिप्टची, पण तुम्हाला पाच-सहा आज्ञांपलीकडे काही लागत नाही, आणि एडिटर नाव टाइप करतानाच पुढचे पर्याय दाखवतो. पहिल्यांदा चालवल्यावर गुगल परवानगी मागतो आणि 'हे ॲप तपासलेलं नाही' असा इशारा देतो. स्क्रिप्ट तुम्ही स्वतः लिहिलेली असेल तरच पुढे जा. दुसऱ्याने पाठवलेली, न समजलेली स्क्रिप्ट आपल्या मेलवर कधीही चालवू नका. ती परवानगी म्हणजे ऑफिसच्या किल्ल्या आहेत.

माझ्या स्क्रिप्टचा क्रम असा: 'जीमेलॲप'च्या 'सर्च'ला मी शोधपट्टीत लिहिते तेच वाक्य देते, म्हणजे लेबल लॅब, अटॅचमेंट असलेले, गेल्या दोन दिवसांतले. त्यातून थ्रेड मिळतात, म्हणजे एक मेल आणि त्यावरची उत्तरं यांची साखळी. प्रत्येक थ्रेडमधले मेल एकेक करून घ्यायचे, प्रत्येकातली अटॅचमेंट बघायची, पीडीएफ असेल तरच पुढे जायचं. ही शेवटची अट मी सुरुवातीला घातली नव्हती आणि दोन दिवसांत फोल्डर प्रयोगशाळेच्या लोगोच्या चित्रांनी भरून गेलं, कारण सहीखालचं चित्रही अटॅचमेंटमध्ये मोजलं जातं. मग विषयातून प्लॉटचा नोंदणी क्रमांक काढायचा, तारखेसह फाइलला ते नाव द्यायचं, फोल्डरमध्ये ठेवायची आणि शेवटी शीटमध्ये ओळ लिहायची. क्रम हाच ठेवा. फाइल ठेवल्यावर आणि ओळ लिहिण्याआधी स्क्रिप्ट बंद पडली, तर फार तर एक फाइल दोनदा येईल. उलटा क्रम ठेवलात तर ओळ दिसेल आणि फाइल नसेल, आणि आप्पांना मी 'आलाय' म्हणून सांगून बसेन.

शिपिंगच्या कागदांसाठी कंटेनर नंबर ओळखावा लागतो. तो जगभर एकाच साच्यात असतो, चार इंग्रजी अक्षरं आणि सात अंक. आपल्याकडे येणाऱ्या नंबरांत चौथं अक्षर यू असतं. सातवा अंक बाकीच्यांवरून हिशेबाने काढलेला असतो, म्हणून काही जण तो डॅश टाकून वेगळा लिहितात, काही जण अक्षरं आणि अंकांत जागा सोडतात. साचा लिहिताना या दोन्ही जागा 'असली तर चालेल' अशा ठेवा आणि फोल्डरच्या नावात मात्र सगळं जोडून लिहा. नाहीतर एकाच कंटेनरचे तीन फोल्डर होतात.

आणि नंबर सापडलाच नाही तर? इथे बहुतेक जण स्क्रिप्टला पुढे जाऊ देतात. माझ्याकडे 'हाताने बघा' असं लाल लेबल आहे. ओळखता न आलेला प्रत्येक मेल तिथे येतो आणि इनबॉक्समध्येही राहतो. मी सकाळी ऑफिसात आल्यावर चहाच्या आधी ते लेबल उघडते. हंगामात रोज चार-पाच असतात. त्यातला एखादा नेहमीच खरा महत्त्वाचा निघतो.

ही सवय मला एका चुकीने लागली. पहिल्या वर्षी मी काम झालेल्या थ्रेडला 'झालं' असं लेबल लावायचे आणि शोधताना ते लेबल असलेले थ्रेड वगळायचे. बऱ्याच ठिकाणी हीच रीत शिकवतात. शीटवर सगळं येतंय म्हणून लाइनच्या मेलना मी 'स्किप इनबॉक्स'ही लावलं होतं. मार्चमध्ये एका कंटेनरच्या बीएलचा पहिला ड्राफ्ट आला, मी खरेदीदाराच्या पत्त्यातली चूक कळवली, आणि दुरुस्त ड्राफ्ट त्याच मेलला उत्तर म्हणून परत आला. स्क्रिप्टचं लेबल थ्रेडला लागतं, एकेका मेलला नाही. थ्रेडवर 'झालं' होतं, म्हणून दुसरा ड्राफ्ट तिने पाहिलाच नाही. इनबॉक्समध्ये तो नव्हता, शीटवर नव्हता. त्यातही पत्त्याचा पोस्टकोड चुकलेला होता. मला कळलं तेव्हा मुदत टळून जहाज न्हावाशेवाहून निघालेलं होतं, आणि दुरुस्तीचे पैसे भरावे लागले. आमचे मालक, भाऊ, मला एका शब्दानेही बोलले नाहीत. त्या रात्री इंदिरानगरला घरी जाऊन मी अख्खी स्क्रिप्ट पुन्हा लिहिली.

दुरुस्ती सोपी आहे. प्रत्येक मेलला जीमेलने दिलेली स्वतःची ओळख असते, 'गेट-आयडी'ने ती मिळते. शीटमध्ये एक रकाना त्या ओळखीचा ठेवा. थ्रेड वगळू नका, त्यातला प्रत्येक मेल बघा, ओळख शीटमध्ये आधीच असेल तर पुढच्याकडे जा. आणि ज्या मेलमध्ये माणसाने वाचण्यासारखं काही आहे, त्याला 'स्किप इनबॉक्स' लावू नका.

स्क्रिप्ट आपोआप चालायला डावीकडे घड्याळाची खूण आहे, तिथे ट्रिगर लावा. मी दर दहा मिनिटांचा ठेवलाय. साध्या जीमेल खात्याला सगळ्या ट्रिगरांचा मिळून दिवसाला ९० मिनिटांचा वेळ मिळतो. दहा मिनिटांनी एकदा म्हणजे दिवसात १४४ वेळा, तर एका फेरीला ३७ सेकंदांच्या आत आटोपायला हवं. म्हणून गेल्या दोन दिवसांचंच शोधायचं, सगळा मेलबॉक्स उपसायचा नाही. एक फेरी ६ मिनिटांवर गेली तर गुगल ती मध्येच तोडतो. ट्रिगरमध्येच 'बिघाड कळवा' असा पर्याय असतो, तो 'लगेच' वर करा. नाहीतर स्क्रिप्ट सकाळी बंद पडते आणि तुम्हाला दुसऱ्या दिवशी कळतं.

रिपोर्टमधले आकडे वाचून पास की नापास हे स्क्रिप्टला ठरवू देऊ नका. करता येतं, मला दोघांनी करून द्यायची तयारीही दाखवली. २०१० साली क्लोरमेक्वॅट क्लोराईड या वाढ-नियंत्रक रसायनाच्या अंशामुळे युरोपात आपली द्राक्षं अडकली, आणि नाशिक-दिंडोरी-निफाडच्या बागायतदारांना ते वर्ष अजून आठवतं. पीडीएफच्या मांडणीतला एक रकाना सरकला तरी स्क्रिप्ट शेजारचा आकडा उचलते. रिपोर्ट मी स्वतः उघडते, ग्रेपनेट या द्राक्ष निर्यातीच्या सरकारी ऑनलाइन नोंदणीवरच्या निकालाशी ताडून बघते आणि मगच आप्पांना फोन करते. शेतकऱ्याला कळवणंही हातानेच. वर्षभर बाग सांभाळलेल्या माणसाला यंत्राचा संदेश जाऊ नये, असं मला मनापासून वाटतं.

'आमचं बँक खातं बदललंय' अशा अर्थाचे मेल वेगळे पकडा. 'बँक', 'अकाउंट', 'चेंज' हे शब्द एकत्र आले की माझा फिल्टर तारा आणि लाल लेबल लावतो. पाठवणाऱ्याचं नाव ओळखीचं दिसलं तरी पत्ता अक्षर न् अक्षर वाचा, आणि आपल्याकडे आधीपासून असलेल्या नंबरवर फोन करूनच खात्री करा, मेलमध्ये दिलेल्या नंबरवर नाही.

हंगाम संपला की मे महिन्यात मी ट्रिगर काढून टाकते आणि सेटिंगमधून सगळे फिल्टर निर्यात करून ती फाइल आणि स्क्रिप्टची प्रत ड्राइव्हच्या वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवते. ऑक्टोबर छाटणी सुरू झाली की सगळ्या प्रयोगशाळांना आणि सीएचएला फोन करून यंदा कुठल्या पत्त्यावरून मेल येणार ते विचारते, फिल्टर तपासते, आणि दुसऱ्या खात्यावरून एक खोटा रिपोर्ट, एक नंबर नसलेला मेल आणि एक त्याच थ्रेडवरचं उत्तर असे तीन मेल स्वतःला पाठवते. तिन्ही जागेवर पोचले की ट्रिगर पुन्हा लावते.