कॉफीचं यंत्र: घरचं की प्रवासाचं?

लोडशेडिंगच्या गावात हाताने चालणारं कॉफीचं यंत्र कामाचंच. फक्त ते ओट्यावर राहणार की पिशवीत फिरणार, हे आधी ठरवा.

घरी चार-पाच जण पिणारे असतील तर फ्रेंच प्रेस घ्या, म्हणजे दांड्याला जाळी लावलेलं काचेचं भांडं. गंजात पाणी उकळलं की अर्धा मिनिट थांबा, लिटरमागे साधारण ६० ग्रॅम पूड घाला आणि ४ मिनिटांनी दांडा सावकाश दाबा. पूड जाडसरच हवी. चिकोरी (एका मुळाची भाजलेली पूड) मिसळलेली बारीक कॉफी जाळीतून निसटते, कपाच्या तळाशी नुसता गाळ! तिच्यासाठी स्टीलचा दाक्षिणात्य फिल्टरच बरा, आणि तो स्वस्तही पडतो.

काचेची प्रेस एसटीत किंवा वावरात मात्र नेऊ नका. फिरतीला एरोप्रेस बरा, म्हणजे दट्ट्याने दाबून फिल्टरमधून कॉफी काढायची नळी: प्लास्टिकचा, हलका, धुवायला सोपा. एका वेळी कपभरच होते, पण एकट्या माणसाने घरासाठीही तोच घ्यावा, असं माझं मत. कागदी फिल्टर तालुक्याला मिळतीलच असं नाही. सोबत स्टीलची जाळी मागवून ठेवा.

चिखलदऱ्याला गेलात तर तिथली कॉफी दळून आणू नका, अख्ख्या बियाच आणा. आपल्या उन्हाळ्यात पुडीचा वास लवकर उडतो.