सायकल ट्रॅक काढून टाकायच्या बैठकीला जाण्याआधी

पहिलं काम मोजणीचं, आणि ते घरात बसून होत नाही. आपल्या बेळगावातला एखादा सायकल ट्रॅक उखडून रस्ता 'मोकळा' करा, असं निवेदन फिरायला लागलं की त्यात एक वाक्य हमखास असतं: ट्रॅकवर कोणी दिसतच नाही. हे वाक्य खोडायचं असो की खरं ठरवायचं असो, सकाळी साडेसहाला वही घेऊन कोपऱ्यावर उभं राहावं लागतं. मागे मी स्वतः अकरा वाजता मोजायला गेलो होतो. तासाभरात सात सायकली. शेजारचा पानवाला हसला, "काय मोजूलास रे?" त्याचं बरोबर होतं. येळ्ळूर, मच्छे या गावांच्या बाजूने उद्यमबागेतल्या कारखान्यांत कामाला येणारी माणसं अकरा वाजता मशीनवर असतात आणि पोरं वर्गात. तेव्हा सकाळी साडेसहा ते साडेआठ, संध्याकाळी पाच ते सात, असे निदान तीन दिवस धरा. कारखान्यांच्या सुट्टीचा वार टाळा.

वहीत दोन रकाने पाडा. एकात ट्रॅकवरून गेलेल्या सायकली, दुसऱ्यात ट्रॅक सोडून गाड्यांच्या गर्दीतून गेलेल्या. सगळी गंमत या दुसऱ्या रकान्यात आहे. ट्रॅक रिकामा असणं आणि सायकलवाला नसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, पण बैठकीत दोन्हींची खिचडी होते. डबा कॅरिअरला अडकवून चाललेल्या एका काकांना मी थांबवून विचारलं, ट्रॅकवरनं का जात नाही? "तितं गाड्या लावलेल्या असतात की. उतरू किती डाव आणि चढू किती डाव?" हे उत्तर तसंच्या तसं लिहून ठेवा. ते काका बैठकीला येणार नाहीत, त्यांची पाळी असते. जमलं तर एखाद्याला हातापाया पडून घेऊन या. नाहीतर सायकल चालवणाऱ्यांबद्दल बाकीचे सगळे बोलतील, ज्यांच्या सायकली माळ्यावर पडल्यात ते.

शाळेचं गेट विसरू नका. कर्नाटकात २००६-०७ पासून आठवीच्या पोरांना सरकारी सायकली मिळत होत्या, मराठी माध्यमाच्या पोरांनाही. कोरोनात ते वाटप थांबलं, पण थोरल्या बहिणीची सायकल धाकट्याकडे आलेली अजून दिसते. अशा दोन-तीन आईबापांशी बोलून घ्या.

मग टेप. ट्रॅकची रुंदी नकाशावर किती आहे ते नंतर बघा, आधी सायकलला प्रत्यक्ष किती मिळते ते मोजा. इंडियन रोड काँग्रेसच्या आयआरसी ११ या मानकात ट्रॅकला किमान २ मीटर सांगितलेत. मी टेप धरली तिथे विजेचा खांब ते कडेचा दगड ९० सेंटिमीटर भरलं, आणि त्या नव्वदातही स्टँडवर लावलेली स्प्लेंडर, तिच्या आरशाला हेल्मेट. पुढे दहा पावलांवर चेंबरचं झाकण पेव्हर ब्लॉकच्या वर दोन बोटं आलेलं. जुलैत गेलात तर पाणी कुठे साठतं तेही कळेल. आपल्याकडच्या पावसात दोन बोटांचा उंचवटा दिसत नाही, थेट हँडलला कळतो. फोटो काढताना टेपवरचा आकडा दिसेल असा काढा, आणि चार प्रती छापूनच न्या. मोबाइल पुढे केला की लोक बोट फिरवून भलतेच फोटो बघायला लागतात.

रस्ता कुणाचा, हे आधी विचारून ठेवा. कॅम्पात कँटोन्मेंट बोर्ड, बाकी शहरात बहुतेक महापालिका, काही रस्ते सार्वजनिक बांधकाम खात्याकडे. बेळगाव जानेवारी २०१६ मध्ये पहिल्या वीस स्मार्ट सिटींत आलं, पण त्या मिशनची मुदत ३१ मार्च २०२५ ला संपली. त्यामुळे 'ते स्मार्ट सिटीवाल्यांचं काम' हे उत्तर मिळालं तर देखभाल आता कुणाकडे, हे लेखी मागा. माहिती अधिकाराचा अर्ज करायचा तर कर्नाटकात एका अर्जात एकच विषय, आणि मजकूर साधारण १५० शब्दांत बसवावा लागतो. फी दहा रुपये. मराठीत कच्चं लिहा, कन्नड जाणणाऱ्या दोस्ताकडून करून घ्या, आणि त्याच्याकडून पुन्हा मराठीत वाचवून घ्या. 'ट्रॅक दुरुस्त करा'चं 'ट्रॅक काढा' होऊन चालायचं नाही.

भाषेवरून आठवलं. रस्त्यावरच्या पाट्या मराठीत का नाहीत, हा विषय बैठकीत कुणीतरी काढेलच. मलाही तो जिव्हाळ्याचाच आहे. पण सीमाप्रश्न २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे, त्या संध्याकाळपुरता तिथेच राहू दे. सायकलवाल्यांत कन्नड बोलणारे आहेत, उर्दू बोलणारे आहेत, आणि तुमच्या निवेदनावर त्यांची सही तुम्हाला हवी आहे.

ट्रॅकलगतच्या दुकानदाराला बैठकीआधीच भेटा, चहा त्याच्याकडेच घ्या. त्याचं गाऱ्हाणं खोटं नाही. टेम्पो उतरवायला जागा नाही, गिऱ्हाईक दोन मिनिटं गाडी लावायला बघतं. त्याला एवढंच विचारा: ट्रॅक काढला तर तिथे वाहतूक वाहील की गाड्या उभ्या राहतील? मला विचाराल तर उभ्याच राहतील. सायकल ट्रॅकवर गाडी लावायला २०१७ च्या मोटार वाहन चालविण्याच्या विनियमांत बंदी आहे, तो कागद जवळ असू द्या, पण चहा पिताना काढू नका. माल उतरवायची वेळ ठरवून देता येते, त्यावर बोला.

'परदेशातसुद्धा काढतात' असंही कुणी म्हणेल. खरं आहे. कॅनडात ओंटारिओ प्रांताने नोव्हेंबर २०२४ मध्ये कायदा करून टोरांटोच्या ब्लूर, यंग आणि युनिव्हर्सिटी या रस्त्यांवरचे ट्रॅक काढायचं ठरवलं. जुलै २०२५ मध्ये तिथल्या कोर्टाने ते घटनाबाह्य ठरवलं, कारण त्याने सायकलवाल्यांच्या जिवाला धोका वाढतो आणि कोंडी कमी होईल असा पुरावा सरकारपाशी नव्हता. सरकार अपिलात गेलं, हेही सांगा. टोरांटो म्हणजे आपली टिळकवाडी नव्हे. पण काढल्याने कोंडी सुटेल याचा कागद दाखवा, हा प्रश्न इथेही जसाच्या तसा चालतो.

काय सोडायला तयार आहात तेही घरून ठरवून जा. आमच्याकडचा एक तुकडा गटारीच्या तोंडाशी जाऊन संपतो, मागे फिरायलाही जागा नाही. तो काढला तर मी चकार शब्द काढणार नाही. बाकीच्यासाठी मागणी एकच ठेवा: आधी महिनाभर ट्रॅकवरच्या गाड्या उठवा, झाकणं सपाट करा, मग याच वेळांना पुन्हा मोजा आणि त्यानंतर ठरवा.

तुमच्या निवेदनाच्या दोन प्रती न्या, एकीवर शिक्का आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खुर्चीवरून उठू नका. आणि सायकलवरून जाणार असाल तर साखळी-कुलूप घ्या. बाहेर सायकल लावायला जागा नसते, जिन्याच्या कठड्यालाच बांधावी लागते.