एंडोस्कोपीच्या रिपोर्टात ‘लिम्फॉइड फॉलिकल’ आलं तर

निरोगी जठराच्या अस्तरात लिम्फॉइड फॉलिकल (रोगप्रतिकारक पेशींचे पुंजके) सहसा नसतात. दिसले, तर बहुधा हेलिकोबॅक्टर पायलोरी या जंतूने ते जमवलेले असतात. बहुतेकांत गोष्ट तिथेच थांबते. थोड्यांत त्याच जमावातली बी पेशींची (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) एकच पिलावळ वाढत जाते आणि माल्ट लिम्फोमा (सावकाश वाढणारा कर्करोग) होतो. अशा पुष्कळ गाठी पूर्वी ‘स्यूडोलिम्फोमा’ (कर्करोगासारखी दिसणारी, पण कर्करोग नसलेली गाठ) म्हणून सोडून देत. १९८३ मध्ये आयझॅकसन आणि राइट या पॅथॉलॉजिस्टांनी हा आजार वेगळा दाखवला.

‘जंतू सापडला नाही’ या ओळीवर लगेच विसंबू नका. आपल्याकडे शेवभाजी-ठेच्याला बोल लावून अ‍ॅसिडिटीची गोळी महिनोन्‌महिने रोज सकाळी घेतली जाते. ती जंतूला दडवते. डॉक्टरांना विचारून पँटोप्रॅझोलसारखी गोळी २ आठवडे आणि अँटिबायोटिक ४ आठवडे बंद ठेवून श्वासाची किंवा शौचाची अँटिजेन तपासणी करा.

रिपोर्टात ‘अ‍ॅटिपिकल’ (नेहमीपेक्षा वेगळ्या दिसणाऱ्या पेशी) किंवा ‘लिम्फोएपिथेलियल लीजन’ (ग्रंथी पोखरणाऱ्या पेशी) असेल, तर सीडी २०, सीडी ३, सीडी ५, सीडी १०, सायक्लिन डी१ या इम्युनो तपासण्या (पेशी कोणत्या जातीच्या ते सांगणाऱ्या) हव्यात. तपासणीसाठी घेतलेले तुकडे दोन-तीनच असतील तर पुन्हा एंडोस्कोपी करून जठराच्या प्रत्येक भागातून मिळून किमान १० घ्यावेत.

जळगाव-धुळ्याहून मुंबईला दुसरं मत घ्यायला लोक नुसता कागद नेतात. लॅबमधून तुकडे बसवलेला मेणाचा ब्लॉक आणि काचा (स्लाइड्स) मागून घ्या. मे महिन्यात ब्लॉक बंद गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका; ते मेण ५६-६० अंशांना वितळतं.

जंतू मारण्याच्या औषधांचा कोर्स १४ दिवसांचा. बरं वाटलं म्हणून आठव्या दिवशी सोडला की उरलेले जंतू औषधाला दाद देईनासे होऊ शकतात. कोर्समधल्या बिस्मथने शौच काळी होते, घाबरू नका. मेट्रोनिडॅझोल चालू असताना दारू वर्ज्य. कोर्स संपल्यावर किमान ४ आठवड्यांनी पडताळणी करा. रक्तातली अँटिबॉडी जंतू गेल्यावरही बराच काळ राहते, त्यामुळे ती इथे कुचकामी.

माल्ट लिम्फोमा ठरला आणि जंतू असला, तरी सुरुवात याच कोर्सने. आजार जठरापुरता असेल तर सुमारे तीन-चतुर्थांश रुग्णांत गाठ विरते, कधी वर्षभराने. ११-१८ गुणसूत्रांची अदलाबदल असली तर सहसा विरत नाही. तिथे २४-३० ग्रे (किरणांच्या मात्रेचं एकक) रेडिएशन कामी येतं. कोर्सनंतर ३ ते ६ महिन्यांनी पुन्हा एंडोस्कोपी. मधेच वजन उतरलं, उलट्या सुरू झाल्या किंवा बिस्मथ बंद असूनही शौच काळी झाली, तर तारखेची वाट पाहू नका. माल्टचं रूपांतर जलद वाढणाऱ्या लार्ज सेल लिम्फोमात होऊ शकतं.