इरकलीचा पडदा, बुट्टीचा दिवा

बेळगावात पडदे शिवायचं माझं काम. नवीन फ्लॅट झाला की लोक मोबाइलवर फोटो घेऊन येतात, अमुकच कापड पाहिजे म्हणतात. मी आधी विचारते, आजीची लुगडी आहेत का ट्रंकेत? आमच्या भागात बहुतेक घरांत एखादी तरी इरकल असतेच. मग पॉलिस्टरवर पैसे कशाला घालायचे?

नऊवारी म्हणजे सुमारे सव्वाआठ मीटर. सात फुटी दाराचे तीन पडदे आरामात निघतात, वर उशीच्या खोळींपुरतं उरतं. कात्री लावायच्या आधी लुगडं उजेडासमोर धरा. बसून बसून विरलेला भाग लगेच दिसतो. तो पडद्यात घेऊ नका, वाकळीत घाला. ओला पांढरा रुमाल काठावर घासून बघा. लाल रंग उतरला तर थंड पाण्यात, रिठ्यानं, वेगळं धुवा आणि सावलीत वाळवा.

आता पदर. इरकलीचा पदर रेशमी, अंग बहुतेक सुती, आणि दोन्हींचे ताण्याचे, म्हणजे उभे, धागे फासे घालून एकमेकांत अडकवलेले असतात. उलटीकडून निरखलं की तो जोड सापडतो. पदर वर घेऊन पडदा टांगला तर अख्ख्या अंगाचा भार त्या जोडावर येतो, म्हणून पदर खालीच ठेवायचा. गिऱ्हाइकं हट्ट करतात, पदर नजरेसमोर पाहिजे म्हणून. खरं मी ऐकत नाही. पश्चिमेच्या खिडकीला मागून मांजरपाटाचं अस्तर लावाच, उन्हानं रेशीम लवकर मरतं. आणि शिंप्याला सांगा, आयलेट ठोकू नको, त्याच कापडाच्या नाड्या लाव. भोकं पडली नाहीत तर उद्या उसवून त्याच कापडाचं दुसरं काही होतं.

लुगड्यावर कशिदा असेल तर त्याची जागा वेगळी. गवंती आणि मुरगी हे टाके दोन्ही बाजूंनी सारखे दिसतात, चांगल्या कामात गाठ कुठं सापडत नाही. असा तुकडा भिंतीवर काचेत कोंडून अर्धं काम वाया घालवू नका. हॉल आणि स्वयंपाकघराच्या मधल्या कमानीत, बिनअस्तराचा सोडा. जेवणाऱ्यालाही दिसेल, पाहुण्यालाही. मेंथी मात्र फुलीचा टाका, त्याची मागची बाजू वेगळी दिसते. तो उशीवर घ्या.

दिव्यासाठी बुरुडाकडची बांबूची बुट्टी घ्या, उपडी टांगली की झालं शेड. घेताना फरशीवर आपटून बघा. पिवळसर भुकटी पडली तर आत कीड आहे, परत द्या. बुरुडाला सांगून करवून घेणार असाल तर बांबू पाण्यात मुरवलेला आहे का, ते विचारा. मुरवल्यानं त्यातला पिष्टाचा अंश निघून जातो आणि किडीला खायला फारसं उरत नाही. आत एलईडीच लावा, जुना तापणारा बल्ब नको. विण जरा विरळ असली तर छतावर सावलीची जाळी पडते. माझ्या हॉलमध्ये एवढीच काय ती चैन आहे.

मातीचं काही हवं असेल तर खानापूर जवळच आहे. तिथल्या कुंभारकामाला आणि कौलांना मोठी परंपरा आहे. भांडं बोटानं वाजवा. खणखणीत वाजलं तर नीट भाजलंय, बद्द वाजलं तर तडा असू शकतो. बिनझिलईचं भांडं पाझरतं, तेव्हा पाण्याचा माठ किंवा झाडाची कुंडी प्लायवूडच्या शेल्फवर ठेवू नका. शहाबादीचा उरलेला तुकडा खाली घ्या. जुन्या घरात शहाबादी फरशी असेल तर तिच्यावर टाइल्स चढवू नका, घासून घ्या.

घोंगडं दिवाणावर छान दिसतं, आणि ते तिथंच असू द्या. भिंतीवर टांगलं की आपल्याकडच्या पावसात मागून ओल धरतं, त्यात चिंचोक्याची खळ असेल तर कुबट वास येतो. मृग लागायच्या आधी दोन्ही बाजूंनी कडक ऊन द्या, कडुलिंबाचा सुका पाला घालून जुन्या धोतरात गुंडाळा. प्लास्टिकच्या पिशवीत नको, आतच घामेजतं. पावसाळाभर दिवाणावर वाकळ घाला. लुगड्याचा तो विरलेला भाग तिच्यातच गेलाय ना!